उजेडानं रंग तोडणारी पावडर आणि रंगाचं सांडपाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीकडचे कापड रंगवणारे प्रोसेसवाले, एमएस्सीचा प्रकल्प करणारी मुलं आणि पंचगंगेच्या खालच्या अंगाला शेती असलेली माणसं, या तिघांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उजेडानं रंग जातो म्हणजे नेमकं काय होतं? उन्हात कपडा विटतो तसंच का?

विटण्याशी नातं आहे, पण इथे उजेड रंगावर थेट काम करत नाही, मधे एक मध्यस्थ असतो. टायटॅनियम डायऑक्साइडसारखा अर्धवाहक बारीक पूड करून पाण्यात सोडतात. त्याच्यावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. ही पोकळी पाण्याकडून किंवा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. उडालेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. हायड्रॉक्सिल रॅडिकल इतका अधाशी असतो की समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकंही टिकत नाही. म्हणून रंगाचा रेणू कणाला चिकटलेला किंवा अगदी लगत असावा लागतो. लांबच्या रेणूपर्यंत तो पोचतच नाही.

या विद्येचं मूळ जपानमध्ये आहे. फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन होतं हे १९७२ साली प्रसिद्ध केलं. पाण्यातली घाण तोडण्यासाठी त्याचा वापर त्यानंतरच्या काही वर्षांत सुरू झाला.

२. साध्या ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) रंग का जात नाही?

कारण तो जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. धुलाई, घाम, ऊन यांना पुरून उरणारा रंग चांगला, असं आपणच ठरवलं आहे. तोच रेणू टाकीतल्या जिवाणूंनाही दाद देत नाही. फिटकरी, हिराकस, चुना आणि पॉली (गाळ गोळा करणारं पॉलिमर) टाकून गाळ बसवला की डिस्पर्स आणि व्हॅट रंग बऱ्यापैकी खाली बसतात, कारण ते पाण्यात नीट विरघळलेले नसतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र पूर्ण विरघळतो आणि बराचसा वरच्या पाण्यासोबत निघून जातो.

लिटरला एक-दोन मिलिग्रॅम उरला तरी डोळ्यांना दिसतो. प्रवाहात उतरणारा उजेड तो अडवतो, त्यामुळे खालच्या शेवाळाचं आणि पाणवनस्पतींचं अन्न बनणं मंदावतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री फिरताना दिसली तेव्हा देशभर चर्चा झाली. कुत्रं निळं झालं म्हणून निदान दिसलं तरी. पाण्यातला मासा कुणाला दिसत नाही.

३. नॅनोच कशाला? पेंटमधला पांढरा टायटॅनियम (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच) स्वस्त मिळतो, तो चालेल का?

नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. पेंटचा टायटॅनियम बहुधा रुटाइल या स्फटिक-जातीचा असतो. त्याच्या कणांवर मुद्दाम सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाचा लेप दिलेला असतो. तो का? तर हीच प्रकाश-उत्प्रेरणा (प्रश्न १ मधली क्रिया) होऊन भिंतीवरचा रंग भुकटीसारखा सुटू नये म्हणून. म्हणजे आपल्याला हवा असलेला गुण त्यांनी दाबून टाकलेला असतो.

आपल्याला अ‍ॅनाटेस जात किंवा अ‍ॅनाटेस-रुटाइलचं मिश्रण लागतं. प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी प्रमाण पावडर साधारण २० नॅनोमीटर कणांची असते आणि तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एका लहानशा फ्लॅटएवढा. सगळी कामगिरी पृष्ठभागावर होत असल्यानं नॅनोचा फायदा तिथे आहे. तोटाही त्यातच आहे, तो प्रश्न १० मध्ये.

४. आपल्याकडे ऊन फुकट आहे. मग हे फुकटात का होत नाही?

इलेक्ट्रॉन वर उडवायला अ‍ॅनाटेसला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तेवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायला १२४० ला ३.२ नं भागा, ३८७ येतात. म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा, अतिनील प्रकाशच त्याला चालतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत अतिनील भाग शंभरातले चार-पाच वाटे. बाकी सगळं ऊन या पावडरीच्या दृष्टीनं वाया. जो अतिनील भाग मिळतो त्यातही बहुतेक इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या काही काम करण्याआधीच परत एकमेकांत मिसळून जातात.

तरी सूर्यावर चालणारी यंत्रणा अशक्य नाही. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सौर संशोधन केंद्रात वक्र आरशांच्या पन्हाळीत काचेच्या नळ्या ठेवून त्यातून पाणी फिरवण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे. पण तिथे पाऊस नावापुरता पडतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असताना इचलकरंजीतलं प्रोसेस हाऊस बंद राहत नाही, आणि रात्रपाळीचं पाणीही थांबत नाही. साठवण टाकी किंवा अतिनील एलईडी, दोन्हींपैकी काहीतरी लागतंच, आणि दोन्हींना पैसे पडतात.

५. दिसणाऱ्या प्रकाशात चालणारं काही नाही का?

आहे, आणि सध्याचं बरंचसं संशोधन तिथेच चाललं आहे. ग्रॅफाइटसारखी रचना असलेलं कार्बन नायट्राइड २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंत काम करतं. झाकलेल्या मुशीत युरिया घालून ५५० अंशांच्या आसपास भाजला की फिकट पिवळी पूड मिळते. सुटणारा अमोनिया डोळ्यांतून पाणी काढतो, म्हणून हे धूर ओढणाऱ्या कपाटातच करावं. बिस्मथ व्हॅनाडेट आणखी खाली, २.४ ला चालतं. टायटॅनियममध्ये नायट्रोजन घालणं किंवा दोन अर्धवाहकांची जोडी जमवणं हेही मार्ग आहेत.

एक धोका लक्षात ठेवा. पट्टा (इलेक्ट्रॉन उडवायला लागणारी ऊर्जा) जितका अरुंद तितका जास्त प्रकाश मिळतो, पण पोकळीची ताकद कमी होऊ शकते. कार्बन नायट्राइडच्या पोकळीला पाण्यापासून थेट हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवणं जमत नाही. तिथे काम मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूनं चालतं.

६. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे. ते का नको?

स्वच्छ, उदासीन पाण्यात ते चांगलं काम करतं. पण आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीत विरघळतं आणि उजेडात स्वतःही थोडं झिजतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईचं पाणी १०-११ पीएचचं असतं. रंग काढायला जावं आणि पाण्यात जस्त सोडून यावं, असं होतं. जलचरांना जस्त बाधतं.

७. रंग गेला, पाणी काचेसारखं झालं. मग शुद्ध झालं ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर: नाही. निदान तेवढ्यावरून नाही.

रंग दिसतो तो रेणूतल्या एका छोट्या भागामुळे. अ‍ॅझो रंगात नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधानं जोडलेले असतात, ती जोडणी दोन्ही बाजूंच्या कार्बन-वलयांना एका सूत्रात बांधते आणि रंग दिसतो. ती तोडली की रंग संपला. पण वलयं तिथेच असतात. तुकड्यांमध्ये अ‍ॅरोमॅटिक अमाइन असू शकतात, आणि त्यातले काही कर्करोगकारक म्हणून ओळखले गेले आहेत. म्हणूनच भारतानं १९९७ मध्ये ठरावीक अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आणि युरोपनं असे अमाइन सोडणारे रंग कपड्यात चालणार नाहीत असा नियम केला. बंदी नसलेल्या रंगाचे तुकडेही निरुपद्रवी असतीलच असं नाही.

प्रकाश-उत्प्रेरणेची खरी ताकद अशी की पुरेसा वेळ दिला तर हे तुकडेही तुटत जातात. वलय फुटतं, ऑक्झॅलिक आणि फॉर्मिक आम्लासारखी लहान आम्लं बनतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजनचे नायट्रेट किंवा अमोनियम होतात, गंधकाचं सल्फेट होतं. पण रंग जायला अर्धा तास लागला तर हे सगळं व्हायला कित्येक तास लागू शकतात. मधेच थांबलात तर पाणी पारदर्शक दिसतं आणि विष आत असतं. रंगीत पाणी निदान ओरडून सांगतं की मला पिऊ नका.

म्हणून रंगमापकाच्या आकड्याबरोबर सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. रंग ९५ टक्के गेला आणि सेंद्रिय कार्बन २० टक्केच गेला, तर काम अर्ध्यावर सोडलं आहे. जमलं तर डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) किंवा मोड येणाऱ्या मुगावर विषारीपणाची चाचणी करा. प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर विषारीपणा आधी वाढून मग कमी होतो, असं काही रंगांच्या बाबतीत घडतं.

८. प्रकल्पासाठी मेथिलीन ब्लू घेतला, तासाभरात ९८ टक्के गेला. पेपर होईल का?

त्याआधी पाच गोष्टी तपासा, कारण मेथिलीन ब्लू फार लवकर खूश करणारा रंग आहे.

एक: तो धनभारित आहे. टायटॅनियमचा पृष्ठभाग साधारण ६ ते ६.५ पीएचच्या वर ऋणभारित होतो, म्हणून रंग पावडरीला चिकटतो. चिकटला म्हणजे तुटला असं नाही. अर्धा तास अंधारात ढवळून मगच उजेड सुरू करा, आणि शून्य मिनिटाचा आकडा अंधारानंतरचा धरा. दोन: मेथिलीन ब्लूचं रंगहीन रूप असतं. ऑक्सिजन कमी पडला की तो ल्युको, म्हणजे रंगहीन, होतो, ६६४ नॅनोमीटरचा शिखरबिंदू गायब होतो आणि हवा लागली की निळाई परत येते. तीन: दिसणाऱ्या प्रकाशात रंग स्वतः प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पावडरीत ढकलतो आणि मोडतो. तेव्हा तुमचा पदार्थ दृश्य प्रकाशात चालतो हे सिद्धच होत नाही. त्यासाठी फिनॉलसारखं, दृश्य प्रकाश न शोषणारं काहीतरी घ्या. चार: पावडर नीट खाली न बसवता मोजलंत तर गढूळपणा आकड्यात येतो.

पाचवी गोष्ट आम्ही स्वतः चुकून शिकलो. मे महिन्यात गच्चीवर चंचूपात्रं मांडली, पावडर घातलेली आणि एक अंधारात, खोक्याखाली. पावडर न घातलेलं पात्र उन्हात ठेवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तेही ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत नुसत्या उन्हानंच निळाई स्पष्ट फिकटली होती, आणि पाणी आटून पातळीही दोन रेघा खाली गेली होती. आदल्या दिवसाचे सगळे आकडे टाकून द्यावे लागले. तीनही पात्रं ठेवा, झाकण लावा.

९. प्रयोगशाळेत चालतं, आमच्या प्रोसेसच्या पाण्यावर का चालत नाही?

हिशेबच करू. शंभर किलो सुती कापड, ३ टक्के शेड, म्हणजे ३ किलो रिअ‍ॅक्टिव्ह रंग. ७० टक्के बसला असं धरा, ९०० ग्रॅम पाण्यात गेला. धुणं-सोपिंग धरून ६,००० लिटर पाणी लागलं, तर सरासरी लिटरला १५० मिलिग्रॅम. प्रकल्पात बहुधा १० मिलिग्रॅम असतात. गडद पाण्यात अतिनील प्रकाश वरच्या थरातच अडतो, तळाची पावडर अंधारात बसून राहते.

पुढची अडचण मीठ-सोड्याची. रंग चढवायला लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट जातं, वर सोडा अ‍ॅश. पाणी अल्कधर्मी ठेवलं तर कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतं. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित आणि पृष्ठभागही ऋणभारित, दोघं एकमेकांना ढकलतात. मग आम्ल टाकून पीएच उतरवलं तर कार्बोनेट जातं, पण क्लोराइड आणि सल्फेट पृष्ठभाग अडवून बसतात, आणि क्लोराइडमुळे क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ बनण्याची भीती असते. दोन्हीकडून कोंडी. त्यात कांजीचा स्टार्च, पीव्हीए (कांजीतलं कृत्रिम पॉलिमर), साबण, सॉफ्टनर आहेतच. रॅडिकलला रंग ओळखता येत नाही, जे जास्त आहे ते तो आधी खातो.

जिगरमधून (रंगाईच्या यंत्रातून) ताजं काढलेलं पाणी बाटलीत घेऊन बघा. कोमट, हाताला बुळबुळीत, हलवलं की फेस, काचेला लावलेला थेंब वाळला की पांढरी कड. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्याशी याचं काही नातं नाही.

१०. पावडर पाण्यातून परत कशी काढायची? कितीदा वापरता येते?

रोज एक लाख लिटर पाणी आणि लिटरला १ ग्रॅम पावडर, म्हणजे टाकीत १०० किलो. ती नदीत जाऊ देणं पर्यावरणाला परवडत नाही आणि खिशालाही नाही. वीस नॅनोमीटरचे कण साध्या गाळणीतून सटकतात. पाण्यात त्यांचे पुंजके होतात म्हणून काही भाग खाली बसतो, उरलेल्यासाठी पटल (मेम्ब्रेन) लागतं आणि पटल चोंदतं.

दुसरा रस्ता म्हणजे पावडर काचेवर, वाळूवर किंवा जाळीवर पक्की बसवणं. मग गाळायला नको, पण पृष्ठभाग कमी मिळतो आणि वेग पडतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असे पातळ थर बनवण्याची जुनी परंपरा आहे, आपल्या भागातल्या मुलांनी तिथला अनुभव जरूर घ्यावा. लोहाचा गाभा देऊन चुंबकानं ओढता येणारे कणही बनवतात. मात्र गाभा आणि टायटॅनियम यांच्यात सिलिकाचा थर नसेल तर इलेक्ट्रॉन लोहात बुडतात आणि लोह पाण्यात सुटू लागतं.

पुनर्वापराचे पाच फेऱ्यांचे आलेख सगळीकडे दिसतात. पाच फेऱ्या म्हणजे कारखान्यातला एक दिवससुद्धा नाही. किमान काही आठवडे खऱ्या पाण्यावर चालवून दाखवा, मगच टिकाऊ म्हणा.

११. मग कारखान्यात ही प्रक्रिया बसवायची कुठे?

शेवटी. आधी समतोल टाकी, मग रासायनिक गाळ, मग जैविक टाकी, आणि त्यानंतर उरलेल्या फिकट, कमी सीओडीच्या पाण्यावर ही. हे माझं ठाम मत आहे. थेट जिगरच्या पाण्यावर लावलेली प्रकाश-उत्प्रेरणा म्हणजे उजेड आणि वीज स्टार्च जाळण्यात घालवणं, जे काम जिवाणू जवळजवळ फुकट करतात.

अपवाद एकच. पाण्यात जिवाणूंना मारणारं काही असेल, तर थोडा वेळ आधी उजेड देऊन रेणूचे पचण्याजोगे तुकडे करायचे आणि मग जैविक टाकीत सोडायचं. तिथे पूर्ण विघटनाची गरज नसते, बीओडी (जिवाणूंना पचणारी घाण) आणि सीओडी यांचं गुणोत्तर सुधारलं का तेवढं पाहायचं.

१२. याने मीठ, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी होतो का?

नाही. उलट सल्फेट-नायट्रेट थोडे वाढतील. मिठासाठी आरओ आणि बाष्पीभवनच. नोय्याल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तिरुप्पूरची रंगाई बंद केली, ती सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था होईपर्यंत. शेतीच्या दृष्टीनं मीठच जास्त घातक. पंचगंगेच्या खालच्या अंगाला, शिरोळकडून विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: रंग उतरलेलं पण खारं पाणी जमिनीला दिलं तर जमीन चोपण होईल.

१३. पाण्यात क्रोमियम किंवा तांबं असेल तर?

इथे दोन उलटी उत्तरं आहेत. सहा संयुजेचं, विषारी क्रोमियम आम्लधर्मी पाण्यात इलेक्ट्रॉन घेऊन तीन संयुजेचं होतं. ते कमी घातक, आणि चुन्यानं खाली बसवता येतं. हा फायदा. पण रिअ‍ॅक्टिव्ह टर्क्वाइजसारख्या रंगात रेणूच्या मधोमध तांबं असतं. रेणू तोडलात की ते मोकळं होऊन पाण्यात येतं. टर्क्वाइज चालवत असाल तर प्रक्रियेनंतर तांबं मोजल्याशिवाय पाणी सोडू नका.

१४. फेंटन, ओझोन, कोळसा, यांच्यापेक्षा हे चांगलं का?

रंग लवकर घालवायचा तर ओझोन. स्वस्तात हायड्रॉक्सिल रॅडिकल हवे तर हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं फेंटन, पण त्याला पीएच ३ च्या आसपास लागतो आणि लोहाचा गाळ ढिगानं होतो. सक्रिय कोळसा रंग फक्त उचलून ठेवतो, भरला की तो कोळसाच घातक कचरा. प्रकाश-उत्प्रेरणेचं बलस्थान एवढंच की सतत रसायन ओतावं लागत नाही आणि गाळ होत नाही. वेग आणि प्रकाशाचा खर्च ही तिची दुखरी जागा.

१५. मी घरी बाटिक आणि टाय-डाय करते. बादलीभर पाण्यासाठी ही पावडर मागवू का?

नका मागवू. सुकी नॅनो पावडर हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासावाटे गेली तर कर्करोगाचा संभव असू शकतो, असं जागतिक वर्गीकरण आहे. त्यापेक्षा रंग मोजून घ्या, त्याच पाण्यात फिकट शेडचं दुसरं कापड काढा, आणि उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात न ओतता सांडपाण्याच्या गटारात सोडा.

१६. एक जण नॅनो पावडर विकायला आला. बादलीत टाकली आणि डोळ्यांदेखत रंग गेला. घ्यावी का?

त्याला तुमच्या कारखान्याचं, त्या दिवशीचं पाणी द्या, त्याने आणलेलं नको. आधीची आणि नंतरची सीओडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून काढा. नदीत सोडण्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, रंगाच्या डेमोत तिचा उल्लेखही येत नाही.

आणि दोन बादल्या मांडा: एक उन्हात, एक काळ्या प्लास्टिकखाली. अंधारातल्या बादलीतलाही रंग गेला तर ती पावडर उजेडावर चालत नाही. एकतर रंग तिला नुसता चिकटला आहे, किंवा तिच्यात ब्लीच नाहीतर हायड्रोस (रंग उतरवणारं सोडियम हायड्रोसल्फाइट) आहे. तळाचा गाळ बघा, तो रंगीत असेल तर चिकटला आहे. ब्लीच असेल तर क्लोरीनचा वास येईल. हायड्रोसचा संशय असेल तर पाणी उथळ ताटात ओतून हवा लागू द्या. व्हॅट रंग असेल तर तासाभरात परत उमटेल. अ‍ॅझो असेल तर परत यायचा नाही, पण त्याचे अमाइन पाण्यात राहिले असतील (प्रश्न ७).